दानम्माचा उजवा तोडा

बोलतोय तो मी, सिरसाळ्याच्या दानम्माच्या उजव्या पायातला चांदीचा तोडा. आवाज कुठून येतोय म्हणून इकडंतिकडं बघू नका, मी आता एका जागी नाही. थोडा फाट्यावरच्या थंड पाण्याच्या कूलरमध्ये आहे, थोडा परळीच्या एका कॉलेजच्या कपाटात तपकिरी बाटलीत आहे, आणि थोडा, खोटं कशाला बोलू, गावपुढारी मोहनरावांच्या पोटातून जाऊन आलेला आहे. दागिन्याच्या नशिबात मोड असते, गहाण असतं, चोरी असते. माझ्यावर आलं ते यातलं काहीच नव्हतं.

जन्म परळीचा. निजामाच्या राज्यातले जुने हाली रुपये मुशीत घालून एका सोनारानं आम्हा दोघा भावांना घडवलं. मी उजव्या पायाचा, तो डाव्या. वजन सारखं, कड्या सारख्या, फासाही सारखा. पण नवी नवरी उंबरा ओलांडताना उजवा पाय पुढं टाकते, म्हणून सिद्धाराम अप्पांच्या घरात पहिला मी शिरलो. भावानं पुढची सत्तेचाळीस वर्षं माझ्याशी याच एका गोष्टीवरून वाद घातला.

घर लिंगायत वाण्याचं. पुढं किराण्याचं दुकान, मागं राहणं. अप्पांचं बोलणं तराजूत घालून काढल्यासारखं. गिऱ्हाइकाशी जेवढ्यास तेवढं, आणि बायकोशी तेवढंही नाही. ते नुसते खाकरायचे. एकदा खाकरले की चहा, दोनदा खाकरले की ताट, आणि लांबलचक खाकरले की पाहुणा आलाय, पदर सावर. दानम्माला सगळं कळायचं. तिच्या वतीनं उत्तर आम्ही द्यायचो. आतून आमचा खुळखुळाट ऐकू आला की अप्पा समजायचे, निघाली. एक खोकला आणि दोन तोडे, एवढ्यावर त्यांचा संसार झाला.

दानम्माला एक खोड होती. दुकानात आलेला माणूस काही घेवो न घेवो, ती आतून पाण्याचा तांब्या पाठवायची. आसपासच्या वाड्यांवरून बाजाराला आलेली माणसं मीठमिरची दुसरीकडं घ्यायची आणि पाणी प्यायला आमच्याकडं यायची. अप्पा त्यावर तीनदा खाकरायचे. या तीन खाकरण्यांचा अर्थ मात्र दानम्माला कधी कळला नाही. तिला तो कळून घ्यायचा नव्हता.

अठ्ठ्याण्णव साली चैत्रात ती गेली. तोवर दुकान पार बदललं होतं. गुळाच्या ढेपांवर शांपूच्या पुड्यांच्या माळा लोंबत होत्या, शेजारी पिवळ्या पाटीचा टेलिफोन बूथ आला होता, बर्फाच्या पेटीत रंगीत पाण्याच्या बाटल्या मान बाहेर काढून उभ्या होत्या. समाधी द्यायच्या आधी बायकांनी तिच्या पायांतून आम्हाला काढलं. घोट्यांवर आमचे गोल वळ राहिले होते, इतक्या वर्षांचे. ते मात्र ती घेऊन गेली.

आम्ही ट्रंकेत गेलो. आणि मग एक नवल सुरू झालं. दुपारी दुकानाच्या फळ्या लावल्या की अप्पा ट्रंक उघडायचे, आम्हाला रिठ्याच्या पाण्यानं घासायचे आणि बोलायचे. जन्मभर न बोललेला माणूस!

‘आज लई ऊन हाय,’ ते सांगायचे. ‘आपल्या विश्वेश्वरानं दुकानात नवा साबण ठिवलाय. वासच लई, फेस न्हाई.’ कधी म्हणायचे, ‘सूनबाईच्या हाताला चव हाय. पर मीठ लाजत लाजत घालती.’

मी भावाला म्हणायचो, अरे, हे सगळं तिला ऐकायचं होतं. भाऊ म्हणायचा, गप बस, बोलू दे.

पहिल्या पुण्यस्मरणाला अप्पांनी फाट्यावरच्या आपल्या गोदामाच्या भिंतीला एक कूलर बसवला. चकचकीत स्टीलचा, तीन तोट्यांचा. गोदामाच्या छतावर पाण्याची टाकी, टाकीतून खाली प्लॅस्टिकची लांब नळी आणि कूलरच्या वर तांबड्या अक्षरांची पाटी: ‘लिंगैक्य दानम्मा यांच्या स्मरणार्थ थंड पाणी’. अक्षरं रंगवणाऱ्याला अप्पांनी बजावलं होतं, नाव मोठं पाहिजे, गाडीतून दिसलं पाहिजे. त्यानं नाव एवढं मोठं काढलं की ‘थंड पाणी’ हे शब्द पार कोपऱ्यात गेले.

दोन उन्हाळे गाव त्या पाण्याला दुवा देत होतं. तिसऱ्या वर्षी लोकांची पोटं बिघडायला लागली. आधी दोघाचौघांची, मग डझनानं. फाट्यावर पाणी पिऊन बीडच्या गाडीत बसलेला माणूस तेलगाव यायच्या आत गाडी थांबवायला लागला. आता लोकांचं कसं असतं, रोगाला नाव लागतं. आणि इथं तर नाव भिंतीवर रंगवून तयार होतं.

अप्पांना हे कळलं ते गाडीतच. ते माजलगावहून येत होते. मागच्या बाकावरचा एक माणूस पोट धरून उठला आणि कंडक्टरनं घंटी ओढत ड्रायव्हरला हाळी दिली, ‘थांबीव बे! ह्याला दानम्मा लागली!’

अख्खी गाडी हसली. अप्पा हसले नाहीत. त्यांना वाटलं आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. मग हळूहळू सगळीकडून ऐकू यायला लागलं. दवाखान्यातला कंपाउंडर पेशंटला विचारायचा, ‘सकाळपास्नं किती येळा दानम्मा झाली?’ एका मास्तरांनी रजेचा अर्जच केला: ‘काल रात्रीपासून दानम्मा लागल्यामुळे दोन दिवसांची रजा मिळावी.’ वरिष्ठांनी तो मंजूर केला आणि खाली शेरा मारला, ‘उकळून प्या.’

त्या दुपारी अप्पांनी ट्रंक उघडली, आम्हाला हातात घेतलं आणि घासलं नाही. नुसते धरून बसले. ‘जिनं कुणाला कोरड्या तोंडानं जाऊ दिलं न्हाई,’ ते म्हणाले, ‘तिचं नाव घेऊन माणसं आता लोटा शोधत पळतात.’ एवढंच.

मग अप्पांनी होते नव्हते ते उपाय केले. टाकीत तुरटी फिरवली. ब्लीचिंगची पावडर इतकी टाकली की पाणी पिणाऱ्याला ठसका लागायचा. चार दिवस बरे जायचे, पाचव्या दिवशी परत तेच. कूलरवर बेलाची पानं वाहून झाली, लिंबूमिरची बांधून झाली. मोहनराव फाट्यावर येऊन सल्ला देऊन गेले. मोहनराव म्हणजे गावातलं मोठं खटलं, शेती भरपूर आणि निवडणूक जवळ आलेली.

‘अप्पा, कूलर ऱ्हाऊ द्या, नाव बदला,’ ते म्हणाले. ‘आमच्या समोरच्या पार्टीचा जो उमेदवार हाय ना, त्याच्या आईचं नाव टाका. रंगाचा खर्च माझा.’

अप्पा त्यांच्याकडं बघून तीनदा खाकरले.

घरात एक माणूस या सगळ्याकडं वेगळ्या नजरेनं बघत होतं. ती विश्वेश्वरची बायको, अप्पांची सून, रुद्राणी. उदगीरची. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झालेली, परळीच्या एका कॉलेजात शिकवायला रोज गाडीनं जाणारी. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण सासरा तिच्याशीही खाकरण्यापलीकडं बोलला नव्हता. एका रविवारी ती गोदामाच्या छतावर चढली, ब्लेडनं नळीचा वीतभर तुकडा कापला, तो उभा चिरला आणि दुकानाच्या गल्ल्यासमोर आणून ठेवला.

‘अप्पा, रोग टाकीत न्हाई. हितं हाय. बोट लावून बघा.’

अप्पांनी बोट लावलं. नळीच्या आतून शेंबडासारखा थर चढला होता. त्यांनी बोट पोत्याला पुसलं.

‘ह्याला काय म्हणतेत?’

‘कापसावर पडतो तसा चिकटाच समजा. पर हा जंतूंचा. जंतू एकटा असला की पावडरीनं मरतो. हे एकटे ऱ्हातच न्हाईत. आधी भिंतीला चिकटतेत, मंग अंगातून चिकट रस काढतेत, त्याचं छप्पर करतेत आन् खाली गावच वसिवतेत. तुमी पावडर टाकता, ती छपरावरनं वाहून जाती. खालचे खुशाल. रोज त्यातले थोडे सुटून पाण्यात येतेत, माणसाच्या पोटात जातेत.’

दुसऱ्या रविवारी ती कॉलेजची सूक्ष्मदर्शी गाडीतून मांडीवर घेऊन आली. कंडक्टरनं तिचं अर्धं तिकीट मागितलं होतं म्हणे. गव्हाच्या पोत्यांवर ती मांडली आणि गाव रांग लावून बघायला आलं. समोर चहाचं हॉटेल चालवणारी बायनाबाई बघून गेली आणि तिनं दिवसभर काही खाल्लं नाही. मोहनरावांनी मात्र डोळा लावला तो काढलाच नाही.

‘ह्यांच्यात पुढारी कोन हाय?’ त्यांनी विचारलं.

‘पुढारी नसतो, काका,’ रुद्राणी म्हणाली. ‘सगळे मिळून राहतेत.’

‘भांडनं?’

‘फारशी न्हाईत. ह्याचं उरलेलं तो खातो.’

मोहनरावांनी आता कुठं डोळा काढला. ‘मंग लई अवघड हाय पोरी,’ ते शेवटी म्हणाले. ‘पुढारीच न्हाई म्हणल्यावर फोडायचं कुणाला?’

उपाय तिनं वाचला होता. त्या वेळी पुण्यामुंबईच्या प्रयोगशाळांत त्याची नुकती कुजबुज सुरू झाली होती. चांदी. पण ताटवाटीची नव्हे, इतकी बारीक केलेली की माणसाच्या केसाच्या रुंदीत तिचे हजारभर कण एका ओळीत बसावेत. एवढी बारीक झाली की ती छपरातनं आत शिरते. तिचा बेत असा होता: नळी आधी ब्रशनं घासून घ्यायची, आणि मग तिच्या आतल्या भिंतीवर हे कण बसवायचे, म्हणजे जंतूंना पुन्हा बूड टेकायला जागाच मिळायची नाही. कॉलेजात चांदीचा क्षार नव्हता. मागणी अर्ज केला तर मंजुरी यायला दोन वर्षं लागली असती.

‘सोनाराकडून तोळाभर चांदी आणते, अप्पा. तेवढी बास.’

अप्पा उठले आणि आत गेले. ट्रंकेचं झाकण वाजलं. मला वाटलं घासायची वेळ झाली. त्यांनी आम्हा दोघांना हातात तोललं. दुकानदाराचा हात, गुंजभर फरक ओळखणारा, पण आमच्यात फरक नव्हताच. शेवटी त्यांनी भावाला परत ठेवलं आणि मला बाहेर आणलं.

‘तिच्या नावाला डाग लागलाय,’ ते म्हणाले. ‘तो दुसऱ्याच्या चांदीनं कावून धुवायचा? ह्यो घे. उजवा हाय.’

रुद्राणीनं हातच पुढं केला नाही. ‘अप्पा, एक कडी पुरे मला. बाकीचा राहू द्या.’

‘मापून द्यायचं ते दुकानात,’ अप्पा म्हणाले. ‘अख्खा घे.’

सून आणि सासरा यांच्यातलं ते तोवरचं सगळ्यात लांब बोलणं. विश्वेश्वर दारात उभा होता, त्याला काय करावं ते सुचेना, म्हणून त्यानं एका गिऱ्हाइकाला चुकून साबणाच्या दोन वड्या जास्त दिल्या.

भावाचा निरोप घ्यायला मिळाला नाही. पन्नासेक वर्षांचा वाद अर्धाच राहिला.

सोनाराच्या परसात, उघड्यावर, रुद्राणीनं नाकाला ओला पंचा बांधून मला तेजाबात सोडलं. तपकिरी धूर निघाला. दुखलं का, असं तुम्ही विचाराल. दुखलं नाही. तुम्ही खूप वर्षं एका मुठीत बसलेले असाल आणि ती मूठ हळूहळू उघडली, तर कसं वाटेल, तसं वाटलं. आधी फासा गेला, मग एकेक कडी. तीन रविवार लागले. शेवटी मी पांढरे खडे होऊन तपकिरी बाटलीत बसलो. त्या खड्यांना हात लागला की कातडी काळी पडते, आणि रुद्राणीची बोटं पंधरा दिवस काळी होती. गल्लीतल्या कडूबाईनं ते पाहिलं आणि दुपारपर्यंत गावभर झालं की वाण्याच्या सुनेला सासूनं झपाटलंय, सासूला तोडा परत पाहिजे. खरं सांगायचं तर या बातमीत चूक एवढीच होती की परत कुणालाच काही नको होतं.

खड्यांचे कण करायला पाल्याचा काढा लागत होता. रुद्राणीनं सीताफळीचा निवडला, आपल्या भागात तो कुठंही मिळतो. पण सीताफळीच्या पाल्यानं उवा मरतात हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळं स्वयंपाकघरात तो उकळायला कुणी देईना. बायनाबाई म्हणाली, ‘माझ्या मागच्या चुलीवर उकळ. आता तसंबी माझ्या हाटेलात कोन येतंय?’ तिचा चहा उकळलेल्या पाण्याचा होता, पण समोर कूलर दिसत असताना कुणाच्या घशाखाली उतरत नव्हता.

तर त्या मागच्या चुलीवर, नव्या पातेल्यात, पाल्याच्या काढ्यात रुद्राणीनं मला थेंबथेंब सोडलं. रंग आधी पिवळा झाला, मग केशरी, मग कडक चहासारखा तांबूस. त्या रंगात मी मोजता येणार नाही इतका झालो होतो. ‘मी’ म्हणावं की ‘आम्ही’, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

रुद्राणी बाटल्या धुवायला नळावर गेली आणि तेवढ्यात मोहनराव आले. ते रोज त्या वेळी येत. हाक मारली, कुणी ओ दिली नाही, म्हणून स्वतःच मागं गेले, पातेल्यातून पेलाभर ओतून घेतलं आणि उभ्याउभ्या अर्धा प्याले.

‘बायने, च्यात साखर न्हाई टाकली का गं आज?’

रुद्राणी धावत आली. तिच्या हातातली बाटली पडून फुटली. ‘काका! तो सासूबाईंचा तोडा हाय!’

मोहनरावांनी पेला हळूच खाली ठेवला. मिश्या पुसल्या. ‘कुठल्या पायातला?’ त्यांनी विचारलं.

तिनं तिथंच बसून हिशेब केला, किती चांदी पोटात गेली असेल त्याचा. चिमटीच्याही कितीतरी खाली. काही होणार नाही, भरपूर पाणी प्या आणि परत असं करू नका, असं तिनं सांगितलं. मोहनरावांच्या आतून माझा दीड दिवस प्रवास झाला. तिथं काय पाहिलं ते सांगणार नाही. राजकारणी माणसाच्या पोटातलं बाहेर बोलू नये.

पण मोहनरावांना कुणी आवरावं? तिसऱ्या दिवशी ते पारावर छातीवर हात ठेवून सांगत होते, ‘माझ्यात चांदी हाय आता. धा वर्षांचा गॅस गेला.’ रुद्राणी दोनदा त्यांच्या घरी जाऊन म्हणाली, काका, त्याचा याच्याशी काही संबंध नाही, लोकांना सांगू नका, उद्या कुणी दागिने चोखत बसेल. मोहनराव म्हणाले, ‘तू शिकलेली हायेस, तुला न्हाई कळायचं.’

एवढ्यात तिचा प्रयोग मात्र नीट चालला होता. तिनं गोदामात दोन बरण्या ठेवल्या होत्या, दोन्हींत तेच फाट्याचं पाणी, दोन्हींत नळीचा एकेक घासलेला तुकडा. एका तुकड्यावर मी बसलो होतो, दुसरा कोरा. पंधरा दिवसांनी कोऱ्या तुकड्याला बोट लावलं तर सरकत होतं. माझ्या तुकड्याला बोट लावलं तर कुचकुच वाजलं. अप्पांनी ते बोट चारचारदा फिरवून पाहिलं. ‘वाजतंय,’ ते म्हणाले. मग छतावरची सगळी नळी उतरवली, ब्रशनं घासली, माझ्या पाण्यानं भरून दिवसभर ठेवली, धुतली आणि परत चढवली.

आणि आता कुणी पाणी पिईना.

कारण मोहनरावांच्या तोंडून गावाला कळलं होतं की आतली चांदी पायातली आहे. बाजाराच्या दिवशी फाट्यावर ही गर्दी जमली. एक शेतकरी पुढं येऊन म्हणाला, ‘अप्पा, तुमचा मान हाय. पर दुसऱ्याच्या बायकोच्या पायातलं आमी कावून प्यावं?’ आमच्या समाजातले दोघे दुसऱ्या बाजूनं तापलेले, ‘घरातल्या बाईच्या पायातलं अख्ख्या तालुक्याला पाजताव, लाज न्हाई वाटत?’ पायाच्या एका बाजूला उभे असलेले आणि दुसऱ्या बाजूला उभे असलेले, दोघांचं एकच म्हणणं होतं, आणि तरी ते एकमेकांशी भांडत होते.

रुद्राणी सांगत राहिली की हे पायातलं नाही, ही नुसती चांदी आहे, चांदीला पाय माहीत नसतो. बाई, मला माहीत आहे, मी मनात म्हटलं. पण माझं कोण ऐकतो?

शेवटी कुणीतरी मठातल्या जंगमस्वामींना आणलं. म्हातारे, कमी ऐकू येणारे. त्यांना तीनदा सगळं ओरडून सांगावं लागलं. त्यांनी कूलरकडं पाहिलं, पाटी वाचली.

‘आपण गुरूच्या पायाचं पाणी घेतो,’ ते म्हणाले. ‘पादोदक म्हणतो. त्यात कुणाला कमीपणा वाटला न्हाई आजवर.’

गर्दीतून एक आवाज आला, ‘ते गुरूचं, स्वामी! दानम्मा काय कुणाची गुरू व्हती का?’

सगळे अप्पांकडं वळले. अप्पा गोदामाच्या पायरीवर बसले होते. ते उठले. एकदा खाकरले. दुसऱ्यांदा खाकरायला गेले आणि थांबले.

‘व्हती,’ अप्पा म्हणाले.

मग ते गर्दीतून चालत कूलरपाशी गेले. टोपी काढली, काखेत धरली, मधल्या तोटीखाली ओंजळ केली आणि प्याले. बायकोच्या पायातल्या दागिन्यावरून आलेलं पाणी, चारशे माणसांसमोर, एक ओंजळ, दुसरी ओंजळ, तिसरी. त्या ओंजळीत माझे दोनचार सुटे कण होते. सत्तेचाळीस वर्षं मी त्या माणसाच्या घरात चाललो होतो. त्याच्या कानाला माहीत होतो, नंतर हाताला झालो. गळ्याला लागलो तो त्या दिवशी.

पाठोपाठ बायनाबाई आली. मग मोहनराव, त्यांनी तर दोन तोट्या एकदम सोडल्या. मग तो पहिला शेतकरी, डोळे मिटून, औषध घेतल्यासारखा. दुपारी बारापर्यंत टाकी रिकामी झाली.

त्यालाही आता दोन वर्षं झाली. पोटं बिघडायची थांबली. दर महिन्याला रुद्राणी नळीचा तुकडा काढून तपासते, दर दोन महिन्यांनी आतून ब्रश फिरवते. ती सांगते, चांदी आहे म्हणून घासणं सोडायचं नसतं. अप्पा खाली उभे राहून शिडी धरतात आणि दोघं बोलतात. चक्क बोलतात.

शब्द मात्र मेला नाही. शब्द जंतूंपेक्षा चिवट. फाट्यावर आता कुणी म्हणत नाही, पण तो गाड्यांत बसून लांब गेलाय. गेल्या वर्षी अप्पा गेवराईकडं तलवाड्याला एका लग्नाला गेले होते. तिथं मांडवातला एक अनोळखी माणूस पोट चोळत म्हणाला, दानम्मा लागलीय. अप्पांनी विचारलं, ‘दानम्मा कोन, म्हाईत हाय का?’ तो म्हणाला, ‘कोन न्हाई बा. रोग हाय तसला.’ घरी येऊन हे सांगताना अप्पा इतके हसले की रुद्राणीला त्यांना पाणी द्यावं लागलं.

माझा मोठा हिस्सा अजून तपकिरी बाटलीत आहे. रुद्राणीनं त्यावर आणखी प्रयोग केले आणि इंग्रजीत एक निबंध लिहून परदेशातल्या मासिकाला पाठवला. पाच महिन्यांनी पत्र आलं. काम चांगलं आहे, पण काही खुलासे हवेत. ती दुकानात गल्ल्याशी बसून अप्पांना वाचून दाखवत होती.

‘विचारतेत, चांदीचा पुरवठादार कोण?’

‘म्हंजी?’

‘ज्यानं माल दिला तो. कंपनीचं नाव, गाव. तुमचं नाव टाकू?’

‘माझं कावून? मी नुसती ट्रंक उघडली. दानम्मा लिव्ह. गाव सिरसाळा.’

तिनं लिहिलं. ‘अन् शुद्धता विचारलीय. मी तपासली होती, अप्पा. नव्वद टक्के निघाली. धा टक्के तांबं होतं.’

हे खरं आहे. मी कधी बोललो नव्हतो. माझ्यात पहिल्यापासून तांबं होतं.

अप्पा ताठ बसले. ‘तांबं सोनारानं घातलं. ते तिच्या नावावर कावून? शंभर लिव्ह.’

‘शास्त्रात असं चालत न्हाई, अप्पा.’

‘मंग दोन्ही लिव्ह. सोनार नव्वद. दानम्मा शंभर.’

रुद्राणीनं कागद पुढं ओढला. गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, विश्वेश्वरनं त्याला पिटाळलं. मग तिनं खाली मान घालून दोन्ही लिहिलं, इंग्रजीत, एकाखाली एक, आणि पाकीट बंद केलं.

तिकडून अजून उत्तर आलेलं नाही. मला घाई नाही. बाटलीतला मी पुष्कळ वर्षं पुरेन. नळीतला मात्र रोज थोडा सुटतो, पाण्याबरोबर जातो, माणसांतून जातो, पुढं कुठं जातो ते मलाही कळत नाही. त्या गावावरून कधी गेलात तर फाट्यावर उतरा. पाणी प्या, हवं तेवढं प्या. फक्त ओंजळ घट्ट धरा, सांडू नका. तिथं मी आता थोडाच उरलोय.